बीटी वांगे : भीती किती, भरवसा किती?

चातुर्मासात कांदा-वांगे वर्ज्य करणारी आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच वांगे तोंडात घालणारी घरे बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आजही पुष्कळ आहेत. त्या वर्ज्य करण्याला मुदत असे, श्रद्धा असे. अलीकडे मात्र काही घरांत वांगे, टोमॅटो, पपई अशा भाज्या-फळांवर बाराही महिने संशय घेतला जातो. "ही वांगी बीटी तर नाहीत ना?", "एवढे लालभडक टोमॅटो म्हणजे जनुक बदललेलेच असणार", "बिनबियांची द्राक्षे मुलांना देऊ नका, कॅन्सर होतो" अशी वाक्ये मंडईत, लोकलच्या डब्यात आणि दवाखान्याच्या बाकावर सर्रास ऐकू येतात. दुसऱ्या बाजूला, "हे सगळे थोतांड आहे, विज्ञानाला विरोध करणारे अडाणी" असे म्हणून हात झटकणारेही आहेत.

दोन्ही टोकांच्या मध्ये सामान्य गृहिणीने काय समजावे? प्रश्न रोजच्या ताटाचा आहे. तेव्हा आज या विषयाची थोडी शांतपणे उकल करू.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. भारतात जनुक बदललेली कोणतीही भाजी, फळ किंवा धान्य पिकवून विकायला आजवर परवानगी मिळालेली नाही. व्यापारी लागवडीस मान्यता आहे ती फक्त कपाशीला. त्यामुळे अंधेरी वा घाटकोपर स्थानकाबाहेर टोपलीत दिसणारी वांगी बीटी असावीत, असे मानण्याचे कारण नाही. मात्र जनुक बदललेल्या पिकांशी आपला काहीच संबंध येत नाही, असेही नाही. तो कुठे येतो, ते पुढे पाहू.

हायब्रीड वेगळे, जीएम वेगळे

पुष्कळसा गोंधळ शब्दांचा आहे. एकाच पिकाच्या दोन जातींचा संकर करून जे बियाणे तयार होते ते हायब्रीड. हायब्रीड ज्वारी आपण १९६० च्या दशकापासून खात आलो आहोत. बिनबियांची द्राक्षे ही जुनी निवडलेली जात आहे. तिचे मणी मोठे व्हावेत म्हणून बागाईतदार जिबरेलिक आम्ल नावाचे संजीवक वापरतात. जनुक बदलण्याशी त्याचा संबंध नाही.

तिसरा प्रकार आपल्याच उपनगरातला आहे. तुर्भे-चेंबूरच्या बाजूला असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियांवर किरणांचा मारा करून त्यांच्यात बदल घडवतात आणि त्यातून चांगली रोपे निवडतात. टीएजी-२४ हा भुईमूग आणि टीएयू-१ हा उडीद अशाच प्रयत्नांतून आले. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी ते वर्षानुवर्षे पेरले आणि आपण त्यांचे दाणे व पापड खाल्ले. येथे बियांचीच जनुके बदलतात, बाहेरून काही येत नाही. अशा वाणांना जीएम म्हणत नाहीत.

जीएम म्हणजे जनुकीय फेरबदल केलेले पीक. यात एखाद्या सजीवाचे नेमके एक-दोन जनुक काढून प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या पेशीत बसवतात. जनुक म्हणजे शरीराला एखादे प्रथिन कसे तयार करावे हे सांगणारी चिठ्ठी, असे समजा. चिठ्ठी जीवाणूची आणि ती वाचून प्रथिन बनवणारे झाड वांग्याचे, असा हा प्रकार आहे.

तंत्र म्हणून ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. माणसाच्या इन्शुलिनचे जनुक जीवाणूत घालून बनवलेले इन्शुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आज मधुमेहाचे लाखो रुग्ण असेच इन्शुलिन टोचून घेतात. बाळांना दिली जाणारी 'ब' काविळीची लसही यीस्टमध्ये जनुक घालून तयार होते. म्हणून 'जनुकीय' हा शब्द ऐकताच घाबरून इन्शुलिन बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. अर्थात औषधाचे उदाहरण अन्नाला जसेच्या तसे लागू पडत नाही. औषध आजारी माणूस मोजून आणि देखरेखीखाली घेतो. अन्न मात्र तान्ह्या लेकराच्या आईपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे जन्मभर खातात. त्याची तपासणी अधिक कसून व्हायला हवी, ही मागणी रास्तच आहे.

जालन्याचे वांगे

वांगे हे मूळचे आपल्याच भागातले पीक. त्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. ही अळी एकदा फळात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून शेतकरी ती शिरण्याआधीच पुन्हा पुन्हा फवारण्या करतो. वांग्याच्या वाट्याला कीटकनाशके फार येतात, त्याचे कारण हे.

यावर जालन्याच्या महिको कंपनीने उपाय शोधला. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेली ही बियाणे कंपनी. हिनेच अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीच्या साथीने आणलेल्या बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली होती. तेच क्राय१एसी नावाचे जनुक महिकोने वांग्यात बसवले. धारवाड आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांनीही आपापल्या स्थानिक जातींत ते उतरवले.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला आणि देशभर वाद पेटला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. आपल्या राज्यातील सुनावणी नागपूरला झाली. शास्त्रज्ञ, शेतकरी, डॉक्टर, ग्राहक संघटना अशा सर्वांनी आपापली बाजू मांडली. अखेर ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. हे वांगे विषारी असल्याचे त्यांनी म्हटले नाही. शास्त्रज्ञांत एकमत नाही, स्वतंत्र व दीर्घकालीन तपासण्या पुरेशा नाहीत आणि इतकी घाई करण्याजोगी निकड नाही, अशी त्यांची कारणे होती. त्याच वर्षी समितीच्या नावातील 'मान्यता' जाऊन 'मूल्यमापन' हा शब्द आला. स्थगिती अजूनही उठलेली नाही.

अळी मरते, मग माणसाचे काय?

"जे खाऊन अळी मरते ते आपण कसे खायचे?" हा अगदी स्वाभाविक प्रश्न आहे.

बीटी हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जीवाणूचे लघुनाव. रेशमाचे किडे मारणारा जीवाणू म्हणून तो प्रथम १९०१ मध्ये जपानात ओळखला गेला. त्याचे प्रथिन अळीच्या पोटात गेले की तेथील अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणधर्माच्या, रसात विरघळते. मग ते आतड्याच्या पेशींवरील ठरावीक जागांना चिकटते आणि आतड्याला भोके पाडते. अळी खाणे सोडते आणि मरते.

माणसाच्या जठरात आम्ल असते. तेथे या प्रथिनाचे इतर प्रथिनांसारखे तुकडे होऊन पचन होते. शिवाय ते ज्या जागांना चिकटते त्या जागा आपल्या आतड्यात आढळत नाहीत. भरताचे वांगे विस्तवावर भाजल्यावर किंवा भरली वांगी शिजवल्यावर उष्णतेने प्रथिनाची घडणही मोडते. याच जीवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीतही अनेक दशके चालू आहे.

मात्र टीकाकारांचा एक मुद्दा ऐकण्यासारखा आहे. फवारलेले बीटी उन्हाने काही दिवसांत निकामी होते आणि धुतल्यावर निघून जाते. बीटी झाडात ते प्रथिन आतून, संपूर्ण हंगामभर तयार होते. म्हणजे पोटात जाणारे प्रमाण निराळे. त्यामुळे "फवारणी निर्धोक आहे, म्हणून वांगेही निर्धोक" एवढ्यावर भागत नाही. वांग्याची वेगळी तपासणी हवीच.

ॲलर्जीचा धोका

जीएम अन्नाबाबत वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत खरी शंका ॲलर्जीची आहे. ॲलर्जी प्रथिनांमुळे येते. शेंगदाणे, कोळंबी, दूध यांचे वावडे असणाऱ्यांना हे ठाऊक आहे. नवे जनुक म्हणजे नवे प्रथिन आणि नवे प्रथिन म्हणजे वावड्याची शक्यता.

हा धोका कागदावरचा नाही. अमेरिकेतील एका बियाणे कंपनीने सोयाबीनचा कस वाढवण्यासाठी त्यात ब्राझील नट या कवचफळाचे जनुक घातले. ब्राझील नटाची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्ताशी तपासले असता, वावडे आणणारे प्रथिनच सोयाबीनमध्ये उतरल्याचे दिसून आले. १९९६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. ते सोयाबीन बाजारात आलेच नाही.

दुसरी घटना २००० सालची. स्टारलिंक नावाचा बीटी मका अमेरिकेत केवळ जनावरांच्या खाद्यासाठी मान्य होता. तो माणसांच्या खाण्यात, मक्याच्या टॅको पदार्थात मिसळलेला सापडला. माल परत मागवावा लागला. तो खाऊन ॲलर्जी झाल्याची तक्रार करणाऱ्यांची तपासणी अमेरिकी आरोग्य यंत्रणेने केली. त्या मक्याचीच ॲलर्जी असल्याचा पुरावा मिळाला नाही.

पहिल्या घटनेत तपासणीने आपले काम केले. दुसऱ्या घटनेत पीक वेगळे ठेवण्याची व्यवस्था ढासळली. अमेरिकेत हे घडू शकते, तर जिथे दूध-तेलातील भेसळ पकडताना नाकी नऊ येतात तिथे काय होईल, ही शंका म्हणूनच पोरकट नव्हे.

प्रतिजैविकांचे जनुक

महिकोच्या वांग्यात बीटीखेरीज आणखी दोन जनुके होती. कोणत्या पेशीत बदल यशस्वी झाला हे ओळखण्यासाठी खुणेची म्हणून ती घातली होती. त्यांपैकी एक कॅनामायसिन व दुसरे स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक औषधांना, दाद न देणारे. ही जनुके आपल्या पोटातील जंतूंत गेली तर औषधे लागू पडणार नाहीत, असा आक्षेप आला. वनस्पतीतून जंतूत जनुक जाणे अतिशय दुर्मिळ आहे, असे अभ्यास सांगतात. तरीही अशी जनुके टाळता येत असतील तर टाळावीत, हा शहाणपणा आता बहुतेकांना पटला आहे.

येथे एक कानउघाडणी केलीच पाहिजे. सर्दी-पडशाला केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक घेणे आणि दोन दिवसांत बरे वाटले की गोळ्या सोडून देणे, यांमुळे औषधांना दाद न देणारे जंतू कितीतरी अधिक प्रमाणात तयार होतात. वांग्याची धास्ती घेणाऱ्याने आधी ही सवय सोडावी.

उंदरांचे प्रयोग

"उंदरांना गाठी झाल्या" ही बातमी पुष्कळांनी वाचली असेल. फ्रान्सच्या सेरालिनी यांनी २०१२ मध्ये जीएम मका खाणाऱ्या उंदरांना मोठ्या गाठी झाल्याचे छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. परंतु ती उंदरांची जात अशी की उतारवयात तिला एरवीही गाठी होतात. शिवाय प्रत्येक गटात उंदीर अवघे दहा. एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही, असे म्हणत मासिकाने २०१३ मध्ये तो लेख मागे घेतला. पुढे २०१४ मध्ये तो दुसरीकडे छापला गेला, पण शास्त्रज्ञांचे समाधान झाले नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये सुमारे ९०० अभ्यास तपासले. बाजारातील जीएम अन्नामुळे माणसाच्या आरोग्याला साध्या अन्नापेक्षा अधिक धोका असल्याचा भक्कम पुरावा तिला आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे जवळपास तेच आहे. मात्र तिने एक अट जोडली आहे. प्रत्येक पिकाची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी, 'सगळे जीएम चांगले' किंवा 'सगळे वाईट' असे सरसकट विधान करू नये.

आपल्याकडचा मुख्य आक्षेपही तपासणीविषयीच होता. उंदरांवरचा प्रयोग ९० दिवसांचा होता आणि त्याची माहिती कंपनीनेच सादर केलेली होती. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे संस्थापक डॉ. पुष्प भार्गव सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने समितीत बसत असत. ते स्वतः जनुकशास्त्राचे जाणकार. अधिक आणि स्वतंत्र तपासण्या हव्यात, हा आग्रह त्यांनी धरला. परीक्षार्थीने स्वतःचा पेपर स्वतःच तपासू नये, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते.

फायदा कोणाचा?

आता दुसरी बाजू. बीटी वांग्याचा फायदा खाणाऱ्याला थेट दिसत नाही. चव तीच, जीवनसत्त्वे तीच. फायदा फवारण्या वाचण्यात आहे. बांगलादेशने २०१४ पासून बीटी वांगे शेतकऱ्यांच्या हाती दिले. तेथे कीटकनाशकांचा वापर घटल्याचे अभ्यासांत दिसून आले.

फवारणी कमी होणे ही मामुली गोष्ट नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. आपल्या ताटात येणारी भाजी-कापूस पिकवणाऱ्याचे आरोग्य हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

पण त्याच यवतमाळात कपाशी बीटीच होती, हे विसरून चालणार नाही. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या. मग गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे बंद केले आणि २०१७ मध्ये राज्यभर तिने हाहाकार माजवला. रसशोषक किडींसाठी फवारणी होतीच. एकच औषध सतत वापरले की जंतू निर्ढावतात, तशीच ही गोष्ट.

तरीही शेतकऱ्यांतील एका मोठ्या गटाला हे तंत्रज्ञान हवे आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेले कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. ते बियाणे तणनाशक सहन करणारे होते. अशा पिकावर ग्लायफोसेट हे तणनाशक सर्रास मारता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'संभाव्य कर्ककारक' ठरवले. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने त्याच वर्षी उलट मत दिले. म्हणजे काही वेळा जनुकापेक्षा त्याच्या जोडीने येणाऱ्या रसायनाचा विचार अधिक करावा लागतो.

आपल्या स्वयंपाकघरात काय येते?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतील गुजराती शेजाऱ्यांकडे कपासिया तेल, म्हणजे सरकीचे तेल, नित्याचे आहे. फरसाणाच्या दुकानांतही ते चालते. देशातील ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी असल्याने हे तेल बीटी सरकीचेच असते. सोयाबीन तेल आपण मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलहून आणतो आणि तेथील सोयाबीन जवळजवळ सगळे जीएम असते.

घाबरून बुधले ओतून देऊ नका. रिफाइंड तेल म्हणजे जवळपास निव्वळ स्निग्ध पदार्थ. जनुक आणि प्रथिन त्यात राहिले तर लेशमात्र. उलट सरकीत गॉसिपॉल नावाचे नैसर्गिक विष असते, ते शुद्धीकरणात काढले जाते. म्हणून सरकीचे कच्चे तेल खाऊ नये, मग कपाशी बीटी असो वा देशी.

सरकीची पेंड म्हशी खातात. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. जनावराच्या पोटात या प्रथिनांचे पचन होते. त्यामुळे दूध किंवा अंडे जीएम होत नाही.

उरला प्रश्न माहितीच्या हक्काचा. जीएम अन्नाच्या पाकिटावर 'जीएम' अशी अक्षरे छापण्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. परंतु दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१८ मध्ये ६५ खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा सुमारे तिसऱ्या हिश्शात जीएम अंश सापडला. त्यांपैकी बहुतेक आयात माल होता. पुढे १ मार्च २०२१ पासून सफरचंद, पपई, बटाटा, टोमॅटो यांसह २४ पिकांच्या आयातीबरोबर जीएम नसल्याचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. खाणाऱ्याला काय खातो ते कळले पाहिजे. पदार्थ निर्धोक असला तरी हा हक्क बाधित होत नाही.

मोहरीच्या डीएमएच-११ या जीएम वाणाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाले. वाद संपलेला नाही, हे यावरून दिसेल.

घरी काय करावे?

१. जीएमच्या भीतीने भाज्या-फळे कमी करू नका. भाजी न खाल्ल्याने होणारे नुकसान निश्चित आहे.

२. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वांगी, भेंडी, फ्लॉवर धुवूनच चिरा. किडके वांगे म्हणजे बिनऔषधाचे, ही समजूत चुकीची आहे. त्यावरही फवारणी झालेली असू शकते.

३. फळावरील चिकटपट्टीवर ८ ने सुरू होणारा पाच आकडी क्रमांक म्हणजे जीएम, अशा निरोपांवर विसंबू नका. ती पद्धत दुकानांत प्रत्यक्षात रूढ झालीच नाही.

४. आयात केलेल्या मका व सोयाच्या पदार्थांची लेबले वाचा. घरात कोणाला अन्नाची ॲलर्जी असेल तर विशेष काळजी घ्या. नवा पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

५. तेल जीएम आहे का, यापेक्षा महिन्याला किती लागते आणि तेच तेल किती वेळा तळणाला वापरले जाते, हे आधी पाहा. आपल्या हृदयाला खरा धोका तेथे आहे.

शेवटी, एखादे नवे अन्न बाजारात यावे की नाही हे ठरवताना तीन गोष्टी मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे : तपासणी स्वतंत्र व्हावी, तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि पाकिटावर खरे छापावे. एवढे मिळाले तर वांगे बीटी असो की गावरान, निर्णय आपला आपल्याला घेता येईल. तोवर मंडईतले ताजे, देठ हिरवे असलेले वांगे निःशंकपणे घरी आणा, स्वच्छ धुवा आणि भरीत करून खा.